पाण्यातील प्रसूती: टबात कधी उतरावे, टबातून कधी बाहेर यावे

पाण्यातील प्रसूतीविषयी पुणे आणि परिसरातून गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी चार पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी कोथरूडला राहते. वय २९, पहिलेच बाळंतपण असून तिसावा आठवडा सुरू आहे. रक्तदाब आणि साखर व्यवस्थित आहे, हिमोग्लोबिन १०.२ आहे. माझ्या एका मैत्रिणीची प्रसूती कोमट पाण्याच्या टबात झाली आणि कळा खूपच सुसह्य झाल्या, असे ती सांगते. मी माझ्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा ‘आमच्याकडे टब नाही आणि त्याची गरजही नाही’ एवढेच उत्तर मिळाले. साताऱ्याहून आई म्हणते आहे की, पहिले बाळंतपण माहेरीच व्हायला हवे. पाण्यात प्रसूती करणे सुरक्षित आहे का? त्यासाठी या टप्प्यावर रुग्णालय बदलावे का? सिझर टळावे, अशी माझी फार इच्छा आहे.

उत्तर : कळा पाण्यात सोसणे आणि बाळ पाण्यात जन्माला येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचे निर्णयही वेगवेगळे घ्यावे लागतात. तुमच्या मैत्रिणीने ज्या आरामाचे वर्णन केले आहे, तो बहुतांशी पहिल्या गोष्टीचा आहे; म्हणजे पिशवीचे तोंड उघडत असतानाच्या लांबलचक तासांचा.

तो आराम खरा आहे. छातीपर्यंत पाण्यात बसल्यावर पोटाचा भार पाणी उचलते, कंबर आणि मांड्यांचे स्नायू सैल पडतात, आणि पलंगावर ज्या स्त्रीला कूस बदलणेही नकोसे होते, ती पाण्यात सहज गुडघ्यांवर येते किंवा काठाला रेलून उकिडवी बसते. अशा अनेक स्त्रिया मी जवळून पाहिल्या आहेत. एक दृश्य नेहमीचे आहे. कळ येते, तेव्हा ती टबाच्या काठावर कपाळ टेकवते आणि लांब हुंकार देत श्वास सोडते. नवरा स्टीलच्या तांब्याने तिच्या पाठीवर संथपणे पाणी ओतत राहतो. परिचारिका वाकून पाण्यातील तापमापक वाचते, ओळीत आकडा लिहिते, आणि कळ ओसरताच डॉप्लर पोटावर टेकवून पूर्ण मिनिटभर बाळाचे ठोके मोजते. वेदना गेलेली नसते, पण दोन कळांमध्ये तिला विसावा मिळत असतो, आणि पहिलटकरणीला त्या विसाव्याचे मोल फार असते.

शास्त्रीय पुरावाही हेच सांगतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात १५ चाचण्या आणि ३,६६३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. कळांच्या काळात पाण्यात बसलेल्या स्त्रियांना कमरेतून भूल घेण्याची गरज काहीशी कमी लागली, म्हणजे १०० पैकी ४३ ऐवजी ३९ जणींना. आणि आई किंवा बाळाला त्यापासून अपाय झाल्याचे दिसले नाही. मात्र सिझरच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही, हे तुम्ही विशेष लक्षात घ्यावे. तुमची धास्ती मी समजू शकते, कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के प्रसूती सिझरने झाल्या. परंतु सिझर टाळण्याचा उपाय म्हणून टब निवडत असाल, तर ती अपेक्षा टब पूर्ण करू शकणार नाही. त्यासाठी कळा आपोआप सुरू होण्याची वाट पाहणारे, मोकळेपणाने हिंडू-फिरू देणारे आणि सोबतीला माणूस राहू देणारे रुग्णालय शोधणे अधिक उपयोगाचे ठरते.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे प्रत्यक्ष पाण्यात जन्म. फ्रान्समधील पिथिव्हिए येथील डॉ. मिशेल ओदाँ यांनी १९८३ मध्ये आपल्याकडील पाण्यातील १०० प्रसूतींचा अनुभव वैद्यकीय नियतकालिकात मांडला, तेव्हापासून या विषयावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये अशी भूमिका घेतली की, ३७ आठवडे पूर्ण झालेल्या आणि कोणतीही गुंतागुंत नसलेल्या स्त्रीला कळांच्या काळात पाण्यात बसू द्यावे, पण बाळ पाण्याबाहेरच जन्मावे. ब्रिटनमध्ये मात्र निरोगी स्त्रीला हा पर्याय कित्येक वर्षांपासून दिला जातो. तेथील २६ आरोग्यसंस्थांमधील २०१५ ते २०२२ या काळातील नोंदींवर आधारलेला मोठा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कळांच्या काळात पाण्यात बसलेल्या आणि गुंतागुंत न झालेल्या ६० हजारांहून अधिक स्त्रियांची त्यात तुलना होती: काहींची प्रसूती पाण्यात झाली, काही त्याआधी बाहेर आल्या. गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणाऱ्या मोठ्या जखमांचे प्रमाण पहिलटकरणींमध्ये दोन्हींकडे पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळपास सारखेच निघाले, आणि पाण्यात जन्मलेल्या बाळांना अधिक धोका आढळला नाही. एक फरक मात्र स्पष्ट होता. नाळ तुटण्याचे प्रमाण पाण्यात हजारी सुमारे १० होते, तर बाहेर सुमारे ३. नाळ आखूड असेल आणि बाळाला पृष्ठभागावर आणताना ती ताणली गेली, तर असे होते. ती क्षणार्धात चिमट्याने बंद केली नाही, तर बाळाचे रक्त वाहून जाते.

हे आकडे वाचून ‘मग पुण्यातही तितकेच सुरक्षित’ असा निष्कर्ष काढू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते निष्कर्ष टबाचे आहेत त्याहून अधिक टबाशेजारी बसलेल्या प्रशिक्षित दाईचे, म्हणजे मिडवाइफचे आहेत. अशी दाई एका वेळी एकाच स्त्रीकडे पाहते, कळा देण्याच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी ठोके ऐकते, आणि ठोके मंदावले, गर्भजल हिरवट झाले किंवा आईला ताप आला, की तिला विनाविलंब बाहेर काढते. आपल्याकडे केंद्र सरकारने मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे २०१८ मध्ये जाहीर केली, पण पुण्यातील बहुतेक लहान प्रसूतिगृहांत अशी दाई अजून नाही.

बाळ पाण्यात गुदमरत कसे नाही, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो. गर्भात बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि प्राणवायू नाळेतून येत असतो. निरोगी बाळ चेहऱ्याला हवा लागेपर्यंत पहिला श्वास घेत नाही, म्हणून कोमट पाण्यातून ते काही क्षणांत सुखरूप वर आणता येते. परंतु कळांमध्ये ज्या बाळाला प्राणवायू कमी पडला आहे, ते पाण्यातच धाप घेऊ शकते आणि पाणी फुप्फुसांत जाऊ शकते. टबातील स्त्रीच्या बाळाचे ठोके इतक्या काटेकोरपणे ऐकावे लागतात, ते याच कारणासाठी. डोके एकदा हवेत आले, तर ते पुन्हा पाण्याखाली जाऊ द्यायचे नाही, हा नियमही येथूनच येतो.

पाण्याच्या तापमानाबाबत आपल्या घरांतील सवय येथे उपयोगाची नाही. बाळंतिणीला कडकडीत पाण्याने न्हाऊ घालण्याची आपली रीत आहे. कळांच्या टबात मात्र पाणी ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये, कारण आईचे अंग तापले की पोटातील बाळाचे ठोके वाढतात आणि बाळावर ताण येतो. पाण्याचे आणि आईचे तापमान दर तासाला मोजून लिहिले जाते. टबात फार लवकर उतरल्यास कळा मंदावू शकतात, म्हणून कळा नियमित आणि जोरदार होईपर्यंत थांबणे बरे.

तुमच्या स्वतःच्या प्रकृतीत मला एकच गोष्ट खटकते, आणि ती म्हणजे १०.२ हे हिमोग्लोबिन. गरोदरपणात ११ च्या खाली गेले की आपण त्याला रक्तक्षय म्हणतो. पाण्यात किती रक्तस्राव झाला, याचा अंदाज घेणे अनुभवी डोळ्यांनाही कठीण जाते, कारण थोडेसे रक्तही सगळे पाणी लाल करते आणि बरेचसे गेले तरी पाणी तितकेच लाल दिसते. ज्या स्त्रीच्या अंगात मुळात रक्त कमी आहे, तिला थोडा जास्तीचा स्रावही महागात पडतो. म्हणून बाळ कुठेही जन्मले, तरी वार पडण्यापूर्वी बाहेर यावे, असे माझे मत आहे. तुमच्या हाती अजून सात-आठ आठवडे आहेत. लोहाच्या गोळ्या चहा, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दूर, शक्य तर लिंबू सरबताबरोबर घ्या. महिनाभरात आकडा वाढला नाही, तर शिरेतून लोह देण्याविषयी डॉक्टरांशी बोला. टब मिळो अथवा न मिळो, हे काम आधी करायचे आहे.

रुग्णालय बदलायचे असेल, तर ३४ व्या आठवड्यापूर्वी ठरवा. टब पाहून येऊ नका, माणसांना भेटून या. गेल्या वर्षभरात येथे किती स्त्रिया टबात उतरल्या आणि त्यांतील किती जणींना बाहेर काढावे लागले, हे विचारा. ‘कोणालाच बाहेर काढावे लागले नाही’ असे उत्तर आले, तर मी तेथे नाव घालणार नाही, कारण पहिलटकरणींपैकी बऱ्याच जणींना काही ना काही कारणाने बाहेर यावेच लागते. रात्री दोन वाजता टबाशेजारी कोण असेल, बालरोगतज्ज्ञ इमारतीत असतात की फोनवर, शस्त्रक्रियागृह त्याच मजल्यावर आहे का, स्त्रीला चक्कर आली तर तिला उचलून बाहेर काढण्याचा सराव कर्मचाऱ्यांनी केला आहे का, टब दोन प्रसूतींच्या मध्ये कसा निर्जंतुक करतात आणि पाण्याची तपासणी कधी झाली, ही सगळी उत्तरे न चिडता आणि न टाळता मिळायला हवीत. खर्चाचा आकडा लेखी घ्या. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे रुग्णालयाला बंधनकारक आहे, तेही जाता जाता पाहून घ्या.

असे रुग्णालय सापडले नाही, तर आहे त्याच ठिकाणी किंवा साताऱ्याला आईजवळ राहून प्रसूती करण्यात काहीही कमीपणा नाही. प्रसूतिकक्षाला लागून असलेल्या न्हाणीघरात प्लॅस्टिकच्या स्टुलावर पाठ उघडी करून बसणे आणि सोबतच्या व्यक्तीने कमरेवर कोमट पाण्याची धार धरणे, यानेही अनेकींना पुष्कळ उतार पडतो. त्यासाठी टब लागत नाही, डॉक्टरांची संमती आणि न घसरणारी फरशी लागते. कमरेतून भूल घेण्याचा मार्गही खुला असतो. फक्त ती घेतल्यावर पाण्यात उतरता येत नाही.

प्रश्न : आम्ही वाकडला सातव्या मजल्यावर राहतो. पत्नीला रुग्णालयाची भीती वाटते. हवा भरून फुगवण्याचा टब भाड्याने आणून, प्रशिक्षित डूलाच्या सोबतीने घरीच पाण्यात प्रसूती करावी, असा आमचा विचार आहे. सोसायटीत टँकरचे पाणी येते, पण आमच्याकडे फिल्टर आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : आपण हा विचार सोडून द्यावा. मी सहसा इतक्या थेट शब्दांत लिहीत नाही, परंतु येथे मध्यममार्ग सांगणे माझ्या सद्सद्विवेकाला पटत नाही.

डूला ही सोबत करणारी, धीर देणारी, पाठ चोळणारी व्यक्ती असते आणि तिचे काम मोलाचे आहे. पण ठोके ऐकून निर्णय घेणे, अडकलेला खांदा सोडवणे, न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे किंवा रक्तस्राव थांबवण्याचे इंजेक्शन देणे हे तिचे काम नाही. ब्रिटनमधील घरच्या प्रसूतींची उदाहरणे देताना हे सांगितले जात नाही की, तेथे घरी नोंदणीकृत दाया येतात, सोबत औषधे आणि प्राणवायू असतो आणि रुग्णालयाला आधीपासून माहिती असते. आपल्याकडे १०८ ची रुग्णवाहिका येईलही, पण तिला हिंजवडीच्या वाहतुकीतून यायचे आहे आणि मग स्ट्रेचर सात मजले खाली आणायचे आहे. बाळंतपणातला मोठा रक्तस्राव इतका वेळ देत नाही.

पाण्याचा हिशेबही करून पाहा. अशा टबात सुमारे ५०० लिटर पाणी मावते, म्हणजे एका जागी अर्ध्या टनाचे वजन. १५ लिटरच्या गिझरने तो भरायला कित्येक तास लागतील आणि तोवर आधी भरलेले पाणी निवलेले असेल. मग कोणीतरी पाणी तापवायचा रॉड आणून टबात सोडते. ओल्या फरशीवर, पाण्यात बसलेल्या गरोदर स्त्रीजवळ विजेचा रॉड ही कल्पनाच भयंकर आहे, तरी तो ‘सोपा उपाय’ म्हणून सुचवला जातो, हे मी स्वतः ऐकले आहे.

घरचा फिल्टर पिण्यापुरते पाणी गाळतो. टाकीचे, नळाचे आणि टबाचे पाणी त्याने शुद्ध होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरील नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलियन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले, हे पुणेकर विसरलेले नाहीत. कोमट आणि साचलेले पाणी तर जंतूंना आणखी मानवते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात २०१४ मध्ये पाण्यात जन्मलेले एक बाळ लेजिओनेला या जंतूच्या संसर्गाने दगावले, आणि २०१६ मध्ये ॲरिझोना राज्यात घरी पाण्यात जन्मलेल्या दोन बाळांना तोच संसर्ग झाला.

आपल्या पत्नीची भीती मात्र बाजूला सारू नका. ती नेमकी कशाची आहे, हे तिला विचारा: एकटे पाडले जाण्याची, ओरडून बोलले जाण्याची, न विचारता टाके घालण्याची की सिझरची? केंद्र सरकारच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिकक्षात सोबतीच्या व्यक्तीला स्थान दिलेले आहे. आपण स्वतः आत थांबू शकाल आणि डूलालाही येऊ देतील, अशी रुग्णालये पुण्यात आहेत. दोन-तीन ठिकाणी पत्नीसह जा, प्रसूतिकक्ष पाहू द्या असे सांगा, आणि तिला ज्या ठिकाणी मोकळे वाटेल ते ठिकाण निवडा.

प्रश्न : माझी सून दुसऱ्यांदा गरोदर आहे आणि तिने टब असलेल्या रुग्णालयात नाव घातले आहे. पाणमोट फुटल्यावर पाण्यात बसले, तर संसर्ग होणार नाही का? आणि इतके ओले बाळ, त्यात वातानुकूलित खोली. त्याला थंडी बाधली तर? मी काही बोलले तर ती रागावेल असे वाटते. — एक आजी, सदाशिव पेठ

उत्तर : काकू, आपल्या दोन्ही शंका रास्त आहेत आणि डॉक्टरांनी त्यांची उत्तरे द्यायला हवीत. केवळ पाणमोट फुटली म्हणून टबात बसण्यास मनाई नसते. आजवरच्या चाचण्यांत त्यामुळे संसर्ग वाढल्याचे दिसलेले नाही. मात्र पाणी जाऊन पुष्कळ वेळ उलटला असेल, जाणाऱ्या पाण्याला वास येत असेल, सुनेला ताप असेल किंवा बाळाने आतच शी केल्यामुळे पाणी हिरवट झाले असेल, तर तिने टबात राहू नये.

थंडीविषयी आपले निरीक्षण अगदी अचूक आहे. पाण्याबाहेर आलेले ओले बाळ उघड्या हवेत फार वेगाने गार पडते. म्हणून खोली किमान २५ अंश उबदार हवी, वातानुकूलन बंद हवे, आणि बाळाला लगेच कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून कोरडे कापड आणि डोक्याला टोपडे घालायला हवे. ‘एसी बंद करायला सांगशील ना’ एवढे सुनेला आपण जरूर म्हणा. धुतलेली जुनी, मऊ सुती धोतरे आणि दोन-तीन टोपडी पिशवीत भरून दिलीत, तर त्याचा तिला राग येईल असे मला वाटत नाही.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी माझे सिझर झाले. या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करायचा आहे. तो पाण्यात करता येईल का? — हडपसर

उत्तर : नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न बहुधा करता येईल, पाण्यात मी सुचवणार नाही. जुन्या टाक्यांची जागा कळांच्या काळात उसवण्याचा धोका थोडा असला तरी गंभीर असतो, आणि त्याची पहिली खूण बहुतेक वेळा बाळाच्या ठोक्यांत दिसते. त्यामुळे ठोक्यांचा आलेख अखंड चालू ठेवावा लागतो. पाण्यात चालणारी, बिनतारी यंत्रे आहेत, पण ती आपल्याकडे क्वचितच असतात. जुळी मुले, पायाळू बाळ, वाढलेला रक्तदाब, ३७ आठवड्यांपूर्वीच्या कळा किंवा मागच्या खेपेला झालेला मोठा रक्तस्राव असलेल्या स्त्रियांनाही माझे हेच सांगणे असते.

मागच्या वेळी सिझर का झाले आणि गर्भाशयावरचा छेद आडवा होता की उभा, यावर तुमच्या प्रयत्नाची सुरक्षितता अवलंबून आहे. पोटावरचा व्रण पाहून ते कळत नाही. जुन्या रुग्णालयातून शस्त्रक्रियेची नोंद असलेले डिस्चार्ज कार्ड मागून घ्या आणि या वेळच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवा.